वाटीत थोडं उरलं पाहिजे

"काही खाल्लं का?"

आमच्या नागपुरात हा प्रश्न कोणी उत्तरासाठी विचारत नाही. जिन्यात भेट झाली की विचारायचं, समोरच्यानं हो म्हणायचं आणि दोघांनी आपापल्या वाटेनं जायचं. ढोमणे सिस्टर मात्र विचारून थांबायच्या. समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या आणि हो म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, "काय खाल्लं? कवा?" नवीन माणूस गोंधळून जायचा. पार्सल घेऊन आलेला पोऱ्या, आमचे मोठे जावई आणि पिंजऱ्यातली मांजर या सगळ्यांना त्यांनी हे एकाच आवाजात विचारलेलं मी ऐकलं आहे. जावयांना राग आला होता. मांजरीचं मला माहीत नाही.

सिस्टर मानेवाड्याच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायच्या. नाव प्रमिला, पण सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. लग्न केलेलं नव्हतं. वर्ध्याला एक पुतण्या होता, तो दिवाळीत तोंड दाखवून जायचा. उंच, हाडकुळा देह, घट्ट अंबाडा आणि साडीवर पुरुषी फुल बाह्यांचा शर्ट. आमच्याकडे शेतात तण निंदायला जाणाऱ्या बाया साडीवर असा शर्ट घालतात. सिस्टर तो ओरखडे चुकवायला घालायच्या आणि मग दिवसभर काढायला विसरायच्या. एकदा तर त्याच शर्टावर लग्नाला आल्या, आणि जेवणाच्या पंगतीत नवरदेवाच्या बापाला विचारलं, "काही खाल्लं का?"

नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी कुटुंब नियोजनाच्या शिबिरांत काढली होती. खेड्यातल्या शाळेत बाकं एका बाजूला सारायची, सतरंज्या टाकायच्या आणि बायकांची रांग लावायची, असे ते दिवस. "आयुष्यभर बायकाइच्या नसबंद्या केल्या, आता मांजराइच्या करून राहिली," असं त्या म्हणायच्या. "फरक एवढाच, का मांजरीसोबत सासू येत नाही." हे त्या हसून सांगत नसत. त्यांच्या विनोदावर आपण हसावं की नाही हे कळायला मला फार वेळ लागला.

भटकी मांजरं आमच्याकडे आधीपासून होती. सोसायटी जुनी, मागं पडीक प्लॉट, पलीकडे नाला. उन्हाळा लागला की गॅलरीगॅलरीत कूलर चालू व्हायचे आणि तळमजल्यावरच्या प्रत्येक कूलरच्या स्टँडखाली, गार जागा बघून, कोणी ना कोणी व्यालेली असायची. पिल्लांचं रडणं, बोक्यांची भांडणं, वाळवणात घाण. आमच्या सेक्रेटरी काळेसाहेबांनी चौकीदाराला सांगून एक पद्धत पाडली होती. पिल्लं दिसली की सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरायची आणि नाल्याच्या पलीकडे टाकून यायची. कोणी काही बोलत नसे. मीही मांजरांचा भक्त नव्हतो, आजही नाही.

सिस्टर राहायला आल्या त्या पहिल्याच उन्हाळ्यात चौकीदार पोतं घेऊन फाटकातून बाहेर निघाला तेव्हा त्या दूध आणायला निघाल्या होत्या. त्यांनी त्याला तिथंच थांबवलं, पोत्याची सुतळी सोडली आणि आत हात घातला. एकेक पिल्लू बाहेर काढून फाटकाच्या ओट्यावर ठेवलं. एकच जिवंत होतं, तेही संध्याकाळपर्यंत गेलं. सिस्टरांनी आरडाओरडा केला नाही. चौकीदाराला त्यांनी एवढंच विचारलं, "तुले हे कोणं सांगितलं गा?" आणि उत्तर ऐकून पोतं घडी घालून काळेसाहेबांच्या दारात ठेवून आल्या.

त्यानंतरच्या सोसायटीच्या सभेत काळेसाहेब तयारीनिशी आले होते. सगळी मांजरं एकदाची पकडून बुटीबोरीच्या एमआयडीसीकडे सोडून देऊ, असा त्यांचा ठराव होता. लोकांनी माना डोलावल्या. सिस्टर उभ्या राहिल्या.

"तुम्ही हे नेसान तं तिकडं गाड्याखाली मरतीन. अन् इथं दुसऱ्या येतीन. खाट रिकामी झाली का नवा पेशंट येतेच. म्या तीस वर्षं पाह्यलं."

"मग करायचं काय सिस्टर?"

"राहतीन त्या इथंच. पण पिल्लं नाही होणार. एकेकीले नेऊन ऑपरेशन करतो, परत आणून सोडतो. एक वर्ष द्या मले. वर्षानंतर एक जरी पिल्लू दिसलं तं मीच पोतं धरीन."

काळेसाहेब माणूस वाईट नव्हता, नातवाला दम्याचा त्रास होता म्हणून चिडलेला होता. त्यांनी वर्ष दिलं. पण मोजून वर्ष, आणि एक पिल्लू दिसलं की मांजरं बुटीबोरीला. हे सगळ्यांसमोर ठरलं.

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. इथं घंटा बांधणारी मिळाली होती, पण तिच्याकडे गाडी नव्हती. गाडी माझ्याकडे होती. पाटबंधारे खात्यातून मी नुकताच रिटायर झालो होतो आणि घरात बायकोच्या पायात पायात करत होतो. शैलानंच परस्पर सांगून टाकलं, "यांना न्या सिस्टर, दिवसभर रिकामेच असतात." त्या दिवसापासून मी ड्रायव्हर झालो. लोक मांजर आडवं गेलं तर चार पावलं थांबतात. माझ्या मागच्या सीटवर दर फेरीला एक बसलेलं असायचं, चादरीखाली झाकलेल्या पिंजऱ्यात, आणि पुऱ्या रस्त्यानं माझ्या घराण्याचा उद्धार करत असायचं.

जनावरांचे डॉक्टर गावातल्या सदर भागात होते. नसबंदी करतानाच, भूल उतरण्याआधी, ते मांजरीच्या डाव्या कानाचं टोक सरळ कापत. पुढं लांबूनच दिसावं, हिचं झालेलं आहे, हिला पुन्हा पकडायची नाही. काही दिवस सिस्टरांच्या मागच्या खोलीत मुक्काम, मग जिथून उचलली तिथंच नेऊन सोडायची, अगदी त्याच जिन्याखाली, त्याच मीटरच्या पेटीपाशी. सिस्टरांनी एकीलाही नाव ठेवलं नाही. वॉर्डात "खिडकीवाली", "दाराजवळची" म्हणतात तसं त्यांचं चालायचं. जिन्याखालची, मीटरवाली, टाकीवरचा. कुरवाळणं तर नाहीच. पिल्लू पायात आलं तरी त्या पाय झटकायच्या. मी एकदा विचारलं, एवढं करता तर जरा हात का नाही फिरवत?

"लळा लागला का मांजर मरते भाऊ. आज माह्याजवळ येईन, उद्या पोतंवाल्याजवळ जाईन. तिले काय समजते, कोणता हात कशाचा?"

पकडण्याची त्यांची रीत ठरलेली होती. रोज सकाळी ठराविक वेळेला त्या स्टीलची वाटी फरशीवर वाजवत आणि मांजरं जमली की खायला घालत. पण ज्या दिवशी पकडायचं असेल त्याच्या आदल्या दिवशी उपास. पोट भरलेली मांजर पिंजऱ्याकडे बघतही नाही, आणि भरल्या पोटी भूल देता येत नाही, म्हणून उपास दोन्ही कामांचा. "पोट रिकामं असलं का जीव वाचते," हे त्यांचं वाक्य. मंत्र म्हणावा तसं म्हणायच्या.

या वाक्यामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, सदरहून परत येताना, सिग्नलला. एका शिबिरात एक बाई आली होती, अंगानं किडकिडीत. सकाळपासून उपाशी राहा असं सगळ्यांना बजावलेलं. सिस्टरांनी रांगेत प्रत्येकीला विचारलं, काही खाल्लं का? ती नाही म्हणाली. पण तिच्या सासूनं, मायेनंच, गाडीत बसताना तिला अर्धी भाकर चारली होती, आणि लाजेकाजेनं ती बोलली नाही. भुलीत ते उलटून आलं आणि श्वासात गेलं. बाहेर सासू तिचं तान्हं घेऊन बसली होती.

"म्या विचारलं होतं भाऊ," सिस्टर म्हणाल्या. "पण एकदाच विचारलं."

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न वाजवला तेव्हा मी गाडी काढली.

असंच एकदा भर मे महिन्यात आम्ही टाकीजवळची एक पांढरी मांजर घेऊन गेलो. डॉक्टरांनी तिला उलटी केली आणि पोटाखालचे केस बाजूला सारले. अंगावर पाजत होती. सिस्टर पिंजरा लावण्याआधी हे नेहमी बघत, पण ही मांजर लांबलांबच राहायची, पोट दिसू द्यायची नाही. डॉक्टर म्हणाले, आलीच आहे तर करून टाकू, चार तासांनी घेऊन जा. सिस्टरांनी पिंजऱ्यावर चादर टाकली. "बाईले टेबलावर घेताना विचारतो आपण, अंगावर पाजते का, लेकरू कोणाजवळ आहे. हिचं लेकरू कोणाजवळ आहे?" आम्ही तसेच परत फिरलो. ऊन असं की स्टिअरिंगला हात लावता येईना. पिंजरा उघडताच पांढरी सुसाट निघाली आणि सिस्टर त्या शर्टात, तळपत्या फरशीवरून, पिल्लं कुठं आहेत ते बघायला तिच्यामागं. त्या बाईचं वय तेव्हा सत्तरीकडे झुकलेलं. मी गाडीत बसून घाम पुसत होतो आणि मनात म्हणत होतो, हे वेड आहे. पण पुढच्या फेरीला गाडी घेऊन मीच गेलो.

वर्ष सरत आलं तेव्हा जवळपास सगळ्यांचे कान कापून झाले होते. पिल्लं बंद झाली. भांडणं थांबली. काळेसाहेबांचा नातू खाली खेळायला येऊ लागला. राहिली होती एकच. तिला मात्र नाव होतं, ते पोरांनी ठेवलं होतं, सरपंचीण. काळी-पिवळी, थोराड, सोसायटीच्या फाटकाच्या खांबावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवणारी. ती सिस्टरांच्या वाटीला कधी आली नाही. रस्त्यापलीकडच्या सावजीच्या भोजनालयामागं तिचं भागायचं, शिवाय खारी, सरडे. दोन्ही कान शाबूत, आणि पोट पुन्हा दिसायला लागलेलं.

"हिच्यापायी सगळ्या बुटीबोरीले जातीन," सिस्टर म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात मला घाई जाणवली.

मग त्यांनी ठरवलं की एक दिवस पुरा उपास करायचा. सरपंचिणीला एकटीला उपाशी ठेवता येत नाही, तेव्हा सगळ्या सोसायटीतच कोणी काही टाकायचं नाही. त्या घरोघर गेल्या. खरकटं खिडकीतून फेकू नका, मासळीचे काटे बांधून ठेवा, एवढा एक दिवस. भोजनालयाच्या मालकालाही गळ घातली, त्यानं मागची बादली झाकायचं कबूल केलं. आणि गंमत म्हणजे जी सोसायटी पाण्याच्या टाकीवरून कधी एकमत करत नाही तिनं हे ऐकलं. बायकांमध्ये थट्टा सुरू झाली, आज मांजरांची एकादशी. शैलानं दुधाचं पातेलं धुतलेलं पाणीसुद्धा नालीत न टाकता मोरीत टाकलं. काळेसाहेब जातीनं खाली उतरून कचऱ्याच्या डब्यांची झाकणं बघून गेले. दिवसभर मांजरं ज्याच्या त्याच्या दाराशी ओरडत फिरत होती. सिस्टर ओट्यावर बसून बघत होत्या. संध्याकाळी मी जवळून गेलो तर म्हणाल्या, "पाह्यलं का भाऊ, कसे ऐकले सगळे?" त्यांच्या तोंडावर मी तेवढा आनंद एकदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शैलानं मला उठवलं. खाली सिस्टर आहेत, तुम्हाला बोलावतात, काहीतरी झालं आहे.

सगळी मांजरं पाण्यापाशी गेली होती. कूलरखाली साचलेलं पाणी, बागेचा नळ, गाडी धुवायची बादली. मीटरवाली नळाखाली तोंड करून पडली होती. पांढरी कूलरच्या ट्रेला टेकून. जिन्याखालची जिन्यापर्यंत पोहोचली नव्हती. सगळ्यांचे डावे कान सरळ कापलेले, त्यामुळे झोपलेल्या असत्या तरी लांबून ओळखू आल्या असत्या. टाकीवरचा बोका आणि आणखी एक अजून श्वास घेत होते. सिस्टरांनी त्यांना त्याच पिंजऱ्यात घातलं जो सरपंचिणीसाठी आणला होता, आणि आम्ही सदरला निघालो. चादर टाकायची राहिली. आरशात मला सगळं दिसत होतं.

डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहायचे, बनियनवरच खाली आले. एकीला हात लावून बाजूला ठेवलं. बोक्याच्या तोंडाजवळ नाक नेलं, पापणी उघडली आणि विचारलं, "सिस्टर, यानं काय खाल्लं?"

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, काय खाल्लं, कधी खाल्लं, लवकर सांगा.

"काहीच नाही," सिस्टर म्हणाल्या. "म्या उपाशी ठेवलं होतं."

बोका तिथंच गेला.

आम्ही परत आलो तेव्हा फाटकाजवळ नामदेव उभा होता. आमच्या गेटला लागून त्याची पिठाची चक्की आहे. घरोघरचं दळण दळून देणारा, सिस्टरांच्या ज्वारीत कधी खडा येऊ न देणारा साधा माणूस. हात जोडून उभा होता. चक्की बंद करताना तो उंदरांसाठी बोंबलाच्या तुकड्यांना औषध लावून पोत्यांमागं ठेवायचा. काल-परवापासून नाही, कित्येक वर्षांपासून. मागच्या खिडकीची जाळी फाटलेली होती, मांजरं आत-बाहेर करायची, पण तोंड कोणी लावत नसे. सिस्टरांना हे माहीत होतं. त्यांनीच त्याला मागं एकदा हटकलं होतं आणि तो म्हणाला होता, तुम्ही एवढं चारता त्यांना, त्या याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. ते खरंही होतं. सिस्टरांना पटलं होतं.

"रोजच्यासारखंच ठेवलं सिस्टर," नामदेव रडत म्हणाला. "कधी तोंड नाही लावलं त्याइनं. कधीच नाही. काल काहून खाल्लं?"

"ऊठ गा नामदेव," सिस्टर म्हणाल्या, कारण तो त्यांच्या पायाशी बसला होता. "तुह्या औषधानं नाही मेल्या. भुकेनं मेल्या. सगळ्याइच्या घरी गेली मी. चक्कीत तेवढी नाही गेली."

मागच्या पडीक प्लॉटवर आम्ही खड्डा केला. जमीन उन्हानं दगड झाली होती, नामदेव पहार मारायचा आणि मी माती ओढायचो. सिस्टर एकेकीला उचलून आणत होत्या आणि खड्ड्याशी क्षणभर दोन्ही हातांत धरत होत्या. जिवंतपणी ज्यांच्या पाठीवर त्यांनी कधी हात फिरवला नाही त्यांचे केस त्या सारखे करत होत्या. मला ते बघवेना. मी मान खाली घालून माती ओढत राहिलो.

संध्याकाळी काळेसाहेब आले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, पण काही माणसांना सांत्वनाची भाषा येतच नाही. म्हणाले, "जाऊ द्या सिस्टर, मनाला लावून घेऊ नका. एका अर्थी प्रश्न सुटला."

सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काही खाल्लं का?"

ते गोंधळून निघून गेले.

तेवढ्यात समोर खांबावर सरपंचीण येऊन बसली. तिला उपास घडलाच नव्हता. ती कधी कोणाच्या वाटीवर अवलंबून नव्हती, आणि म्हणून चक्कीतही गेली नव्हती. दोन्ही कान ताठ करून ती रिकाम्या आवाराकडे बघत होती.

त्यानंतर सिस्टरांची रीत पालटली. सरपंचीण नाल्याकडच्या रस्त्याखालच्या मोरीत व्याली, दोनच पिल्लं. वर्ष संपलं होतं, पण काळेसाहेबांनी पिल्लांचं नाव काढलं नाही, आणि चौकीदारानं तिकडे पाहिलं नाही. सिस्टरांनीच एक दिवस ओट्यावर पिंजरा आणून ठेवला, त्याचं दार पक्कं वर बांधलं आणि आत वाटी भरून ठेवली. बंद करायचं नाही, नुसतं चारायचं. सरपंचीण आधी लांबून बघायची, मग दारापर्यंत, मग अर्धं अंग आत. सिस्टर ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून राहायच्या. वाटी चाटून पुसून रिकामी झाली की उठून आणखी घालायच्या. वाटीत काही उरेपर्यंत घालायच्या, आणि उरलं की मगच स्वतः उठून घरात जेवायला जायच्या. शैला म्हणायची, एवढं वाया का घालवता? तर म्हणायच्या, "वाटी रिकामी असली का कसं समजीन वं, पोट भरलं का अन्न संपलं? वाटीत थोडं उरलं पाह्यजे."

असे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. पिल्लं अंगावरून सुटली. एका सकाळी सरपंचीण पोटभर खाऊन पिंजऱ्यातच पाय पसरून बसली होती आणि सिस्टरांनी बांधलेलं दार हळूच खाली सोडलं. ती उठलीही नाही. डॉक्टरांनी विचारलं, उपाशी आहे ना? सिस्टर म्हणाल्या, "नाही. पोट भरून आणली. तुमच्या इथं ठेवा, बंद दारात, माह्या डोळ्यासमोर उपाशी राहीन." आणि त्या रात्रभर तिथंच पिंजऱ्याजवळ स्टूल टाकून बसल्या. सरपंचिणीचा कान कापला गेला. सभेत दिलेला शब्द पुरा झाला, पण तोवर मोठी मांजर एकच उरली होती. पिल्लं नामदेवानं मागून नेली. त्यानं खिडकीला नवी जाळी बसवली आणि औषध ठेवणं सोडलं. मोठी झाल्यावर सिस्टरांनी त्या दोघांचेही कान कापून आणले, पण चक्कीच्या आत स्वतः कधी पाय ठेवला नाही. दळण मलाच आणायला सांगायच्या.

प्रश्न मात्र तोच राहिला, फक्त तो विचारताना त्यांना हवं असलेलं उत्तर बदललं. आधी "नाही" म्हटलं की मान हलवायच्या. आता "नाही" म्हटलं की अस्वस्थ व्हायच्या, घरात नेऊन ताटात काहीतरी वाढायच्या. आमच्या जावयांनी एकदा हट्टानं नाही म्हणून पाहिलं आणि झुणका-भाकर खाऊन वर आले. म्हणाले, सिस्टर समोर बसून होत्या, पानात टाकलं तरच उठू दिलं.

गेल्या हिवाळ्यात सिस्टरांच्या पोटात दुखायला लागलं. दवाखान्यात इतकी वर्षं काढलेल्या बाईनं ते अंगावर काढलं, आणि काढायचं तेवढं काढून झाल्यावर मला सांगितलं. ऑपरेशनच्या सकाळी पुतण्या वर्ध्याहून निघाला होता, पोहोचायचा होता, म्हणून मी जवळ होतो. हिरवा गाऊन घालून त्या स्ट्रेचरवर पडल्या होत्या. अंबाडा सोडल्यामुळे त्या मला अनोळखी वाटत होत्या. एक तरुण नर्स आली, त्यांच्या मनगटावरची नावाची पट्टी तपासली आणि विचारलं, "आजी, काही खाल्लं का?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "काल रातच्यानं पाणी बी नाही." मग थोडं थांबून तिला म्हणाल्या, "अजून एक डाव विचार वं पोरी."

पोरगी हसली. तिनं पुन्हा विचारलं. सिस्टरांनी पुन्हा सांगितलं.

ती गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. शर्टाशिवाय त्यांचे हात मी पहिल्यांदाच पाहत होतो, मनगटापासून वरपर्यंत बारीक पांढरे ओरखडे.

"सरपंचिणीले घातलं का गा भाऊ?"

"घातलं."

"पोटभर?"

"पोटभर."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. उत्तर पुरं झालं नव्हतं. वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलू लागला, मी सोबत चालू लागलो, आणि दारापाशी मला थांबवलं तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, "वाटीत उरलं आहे सिस्टर. मी बघून आलो."

त्यांनी मान हलवली, डोळे मिटले, आणि दार बंद झालं.

तीच शेवटची भेट. त्याच ओट्यावर मी आजही सकाळी वाटी वाजवतो. सरपंचीण म्हातारी झाली आहे, फार खात नाही. पण उरलेलं दिसेपर्यंत मी तिथून उठत नाही.